थोरल्यांचे ओठ

चहाचा दुसरा घोट तोंडात राहिलाच नाही. डाव्या कोपऱ्यातून निसटला आणि हनुवटीवरून थेट बनियनवर उतरला. थोरल्यांनी पटकन टॉवेल तोंडाशी धरला आणि खिडकीकडे वळून उभे राहिले.

"भाजलं का हो?" मागून बायकोनं विचारलं. जेवणाच्या टेबलावर चादर पसरून त्या त्यांच्या काळ्या कोटावर इस्त्री फिरवत होत्या.

"नाही."

"मग असे खिडकीशी बोलत काय उभे?"

"ऊन आलंय."

"ऊन काय, रोजच येतं."

थोरल्यांनी टॉवेलाआड बोट नेऊन ओठ चाचपला. उजवा भाग नेहमीसारखा होता. डावा मात्र परक्याचा वाटत होता. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर वाटतो तसा, आपल्याच तोंडात राहून आपल्याशी अबोला धरलेला. त्यांनी हळूच शीळ घालून पाहिली. नुसती हवा गेली. मग अगदी पुटपुटत 'प' म्हणून पाहिला. 'प' आला नाही. 'ह'सारखं काहीतरी आलं.

शहराच्या वाद्यवृंदात ते पहिला ट्रंपेट वाजवत. खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. वाद्यवृंदात सगळे त्यांना थोरले म्हणत, आणि शेजारच्या खुर्चीत दुसरा ट्रंपेट वाजवणारी मुलगी होती तिला धाकटी. आज संध्याकाळी इटलीतल्या सिनेमांच्या संगीताचा कार्यक्रम होता आणि शेवटची, सगळ्यात मोठी रचना ट्रंपेटची होती. म्हणजे थोरल्यांची.

एरवी ट्रंपेटच्या वाट्याला असतं काय? व्हायोलिनवाले घाम गाळत असताना हात मांडीवर ठेवून बसायचं आणि शेवटी उठून चार ललकाऱ्या द्यायच्या. नातेवाईक तर भेटले की विचारायचे, "अजून ती पिपाणी चालू आहे का?" थोरले हसून "चालू आहे" म्हणायचे. पण ही रचना वेगळी होती. ती त्यांनी प्रथम ऐकली तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. वडील अग्निशमन दलाच्या बँडमध्ये होते. एका संध्याकाळी बंबांच्या आवारात पडदा लावून सिनेमा दाखवला होता. ओसाड मैदान, समोरासमोर दोन माणसं, दोघांचेही हात पिस्तुलांवर अधांतरी. कोणी बोलत नाही. आणि त्या न बोलण्यात एकटा ट्रंपेट सुरू होतो. वडिलांनी शेजाऱ्याच्या हातातली विडीसुद्धा विझवायला लावली होती, तिचा आवाज होतो म्हणून. त्या रात्री पोरानं वडिलांचा ट्रंपेट पहिल्यांदा ओठाला लावला.

मग सगळं आयुष्य गेलं. ही रचना कधी कार्यक्रमात आलीच नाही. हा हंगाम संपला की थोरले निवृत्त होणार होते, आणि नेमकी आता ती आली होती.

"घालून बघा," बायको कोट झटकत म्हणाल्या. "खांद्यात बसतो का बघू. वळा इकडे."

या बाईंपासून ओठ लपवणं हे सोपं काम नव्हतं. त्या मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवत. न ऐकू येणाऱ्या मुलांना समोरच्याचे ओठ कसे वाचायचे हे शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला कोणी कोणाला ओठांतल्या ओठांत शिवी दिली तरी बाईंना कळायची. 'आमचं दोघांचंही पोट ओठांवर,' असं थोरले लोकांना कौतुकानं सांगत.

"तिकडेच घालतो," ते खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

"अहो, वळा म्हणतेय ना."

"उशीर झाला गं."

प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर येणार नाही असे शब्द ते शोधत होते. हाताला लागेल तो शब्द उलटून पाहायचा आणि मगच तोंडात घ्यायचा. अंगात घाईनं चढवलेला सदरा, कोट हातावर, ट्रंपेटची पेटी खांद्याला, टॉवेल तोंडाशी, अशा थाटात ते दारापर्यंत पोचले.

"तिकीट घेतलंस?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"घेतलंय. शाळेतून परस्पर येते. तिसरी रांग." बाई थांबल्या. "आज काही झालंय का तुम्हाला?"

"काही नाही. येतो."

बसमध्ये उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी वरची दांडी धरून पाहिली. दोन्ही हात धड होते. पायही धड होते. म्हणजे तो झटका नव्हे, त्यांनी स्वतःला समजावलं. कुशीवर झोपलो असेन, वारं लागलं असेल. दुपारपर्यंत सुटेल. समोरच्या काचेत मात्र एक माणूस दिसत होता. त्याचा अर्धा चेहरा घाबरलेला होता आणि अर्ध्याला काही पत्ताच नव्हता.

तालमीला वाद्यवृंद चालवणारा पाहुणा कंडक्टर वेळेआधीच उभा होता. मोठ्या नावाचा माणूस, कमी बोलणारा. सुरुवातीच्या रचना भराभर झाल्या. श्रीमंतांच्या घरातल्या नाचाचा एक गमतीदार तुकडा, मग कोळ्यांच्या गावातल्या प्रेमकथेतलं मेंडोलिन. यांत ट्रंपेटला फारसं काही नव्हतं. होतं तेवढं थोरल्यांनी बोटं हलवून निभावलं.

"आता शेवटची," कंडक्टर म्हणाला. "अख्खी घेऊ."

"संध्याकाळी देतो सगळं," थोरले म्हणाले. "आत्ता नुसतं हलकं."

कार्यक्रमाच्या दिवशी ओठ राखून ठेवणं ही ट्रंपेटवाल्यांची रीतच असते. कंडक्टरलाही ते माहीत होतं. तरी त्यानं मान हलवली. "हलकं नको. तो वरचा सूर मला एकदा ऐकायचाय."

थोरल्यांनी ट्रंपेट उचलला. तोंडाशी धरायची जागा त्यांनी थोडी उजवीकडे सरकवली. सगळे गप्प झाले. पहिले सूर खालचे होते, ते आले. घासून आले, पण आले. थोरल्यांना वाटलं, निभलं. मग सूर चढू लागला, चढत टोकाशी पोचला, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा सुटली. सायकलची ट्यूब जावी तशी.

वाद्यवृंदात कोणी चुकलं की बाकीचे आपापल्या पुढ्यातल्या कागदांत बघतात. तिथली ती सभ्यता आहे. सगळ्यांनी कागदांत पाहिलं. एकट्या धाकटीनं पाहिलं नाही. ती थोरल्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"संध्याकाळी हे नको," कंडक्टर म्हणाला.

"नाही होणार," थोरले म्हणाले.

तालीम संपल्यावर वाद्यं ठेवायच्या खोलीत धाकटी त्यांच्या मागोमाग आली आणि तिनं दार लोटून घेतलं. चेलोंच्या उभ्या पेट्यांमध्ये दोघं उभे राहिले.

"थोरले, काय झालंय?"

"काय होणार? थकलो."

"पाणी देऊ?"

"दे."

"काय देऊ?"

थोरल्यांनी तिच्या खांद्यावरच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"शब्द म्हणून दाखवा. पाणी म्हणा."

"शाळा आहे का ही?"

"पाणी म्हणा, थोरले."

त्यांनी पेटीच्या कड्या लावायला सुरुवात केली. धाकटीनं त्यांच्या समोर येऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि वर उचलले. "धरा असेच. सोडू नका." हात तसेच राहिले. तरी तिचा जीव भांड्यात पडला नाही. "माझे बाबाही असेच म्हणाले होते, थकलोय. दुपारी जरा पडतो म्हणाले. उठलेच नाहीत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"झालं की जाऊ."

"झालं की नाही. आत्ता."

"आज नाही तर कधी गं? तुला कळतंय का?"

"कळतंय. तुम्ही नसाल येत तर मी कंडक्टरला सांगते."

त्यावर थोरल्यांचं डोकं फिरलं. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं आणि त्यांनी शब्द निवडणं सोडून दिलं. तू टपून बसलीयस, असं त्यांना म्हणायचं होतं. माझा सोलो कधी मिळतो म्हणून टपूनच बसलीयस. पण ओठांनी दगा दिला. "टहून हसलीयस तू," ते ओरडले, "टहूनच हसलीयस!"

बाहेर कोणीतरी जाता जाता थबकलं आणि पुढे गेलं. धाकटीला ते काय म्हणाले ते नीट कळलं. तिचा चेहरा लाल झाला.

"हवाय मला तो," ती म्हणाली. "कोणाला नको असेल? तुम्ही गेल्यावर तरी मिळेल, या आशेवरच तर तुमच्या शेजारी बसते. पण असा नकोय." तिनं डोळे पुसले. "मध्यंतरापर्यंत गप्प बसते. त्यानंतर नाही. आणि तोवर वरचे सूर मी घेते, तुम्ही नुसते बसा."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. थोरल्यांनी कागदांचा स्टँड नेहमीपेक्षा उंच केला. त्याच्या कडेवरून त्यांना तिसरी रांग दिसत होती आणि तिसऱ्या रांगेत आपली बायको. बाई हसून आजूबाजूच्यांना काही सांगत होत्या. मग दिवे मंद झाले, बाईंनी समोर पाहिलं, आणि पुन्हा नजर हलवलीच नाही.

नाचाचा तुकडा सुरू झाला. लोक खुशीत मान डोलवू लागले. थोरले ट्रंपेट ओठाला लावून बसले होते, वाजवत नव्हते. शेजारी धाकटी आपलेही सूर वाजवत होती आणि त्यांचेही, जिथे शक्य होतं तिथे, बेमालूम. मध्येच तिनं विचारलं, "ठीक?" थोरले ट्रंपेट बाजूला घेऊन, तिच्याकडे वळून नुसतं "हो" म्हणाले. तेवढा एक शब्द पुरला. तिसऱ्या रांगेत बाई ताठ झाल्या. मेंडोलिनची रचना चालू असताना, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, माफ करा, माफ करा म्हणत, बाई उठून बाहेर गेल्या.

मध्यंतराची घंटा झाली तेव्हा रंगमंचामागच्या बोळात त्या उभ्याच होत्या. सोबत सभागृहात कार्यक्रमाच्या वेळी गरजेसाठी बसवलेले डॉक्टर होते. त्यांना बाईंनी शेवटच्या रांगेतून उठवून आणलं होतं. त्यांनी दोन्ही हातांत नवऱ्याची हनुवटी धरली आणि दिव्याकडे वळवली.

"सकाळपासून?"

"हो."

"आणि मला पाठ दाखवलीत."

थोरल्यांनी मान खाली घालायचा प्रयत्न केला, पण हनुवटी बाईंच्या हातात होती.

डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं. हात वर करा म्हणाले, बोटं दाबा म्हणाले. मग म्हणाले, "भुवया वर करा." उजवी भुवई वर गेली, डावी जागच्या जागी. "डोळे मिटा." उजवा मिटला, डावा किलकिला राहिला आणि त्यातून पाणी आलं. धाकटी भिंतीला टेकून बघत होती. बोळातून जाणाऱ्या बासरीवाल्या, ढोलवाले, सगळे पावलांचा आवाज न करता जात होते.

"मेंदूचा झटका दिसत नाही," डॉक्टर अखेर म्हणाले. "चेहऱ्याची नस धरलीय. कपाळसुद्धा हलत नाही, त्यावरून वाटतं. पण आजच रुग्णालयात जायचं, तपासून घ्यायचं. औषध लवकर सुरू झालेलं बरं."

बाईंनी श्वास सोडला. धाकटी जमिनीवर बसलीच. थोरले मात्र उठून उभे राहिले. त्यांचा उजवा डोळा चमकत होता.

"जीवाला काही नाही ना?"

"तसं दिसत नाही. पण..."

"तर वाजवतो."

थोरल्यांनी ट्रंपेटचा तोंडाशी धरायचा तुकडा तेवढा काढला, वाटाण्याएवढा खळगा असलेला तो चकचकीत धातूचा तुकडा, आणि ओठाला लावला. आधी उजवीकडे. मग मध्ये. मग बोटानं डावा गाल दाबून धरून. बोळात फक्त हवेचा आवाज येत राहिला. ते थांबेनात. बाईंना तो आवाज ऐकवेना. त्या भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे बघत राहिल्या.

मग थोरल्यांनी हात खाली केला. तुकडा रुमालानं पुसला आणि सरळ कंडक्टरच्या खोलीकडे निघाले.

कंडक्टर सफरचंद खात होता. थोरल्यांनी दारातच सांगितलं, "आज होणार नाही. ओठ गेलाय."

"हे आता सांगताय?" कंडक्टरचा आवाज चढला. "लोक बसलेत बाहेर. ती रचना ऐकायलाच आलेत."

"ही वाजवेल."

"ही? हिनं एकदा तरी केलीय का ती तालमीत?"

"रोज करते. जिन्याखाली. सगळं येतं हिला."

धाकटीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तळघराच्या जिन्याखाली, सगळे घरी गेल्यावर, ट्रंपेटच्या तोंडात कापड कोंबून ती वाजवायची. कोणाला कळत नसेल असं तिला वाटत होतं. पण एकदा थोरले छत्री विसरली म्हणून परत आले होते आणि वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांना इतका राग आला होता की छत्री न घेताच ते घरी गेले होते. राग ती वाजवत होती याचा नव्हता. ती चांगलं वाजवत होती.

कंडक्टरनं धाकटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "येईल?"

"येईल," थोरलेच म्हणाले.

बाईंचं म्हणणं होतं की आता लगेच निघायचं. थोरल्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाईंनी बराच वेळ त्यांचा चेहरा वाचला आणि म्हणाल्या, "गाडी दाराशी उभी करून ठेवते. शेवटचा सूर थांबला की एक क्षण इथे राहायचं नाही."

ते दोघं परत रंगमंचावर गेले आणि आपापल्या खुर्च्यांवर बसले. पुढच्या रचना कशा गेल्या ते दोघांनाही कळलं नाही. मग दिवे उतरले. कंडक्टरनं हात वर धरला आणि तसाच ठेवला. तंतुवाद्यांचा एक लांब, बारीक सूर सुरू झाला, जमिनीलगत वारं सुटावं तसा. धाकटी उभी राहिली. थोरल्यांना तिचे हात दिसत होते. ट्रंपेटचं टोक थरथरत होतं आणि त्यावरचा दिव्याचा कवडसा पुढच्या रांगांवर उड्या मारत होता. ती श्वासच घेत नव्हती. तिची वेळ येत होती, अगदी समोर आली होती, आणि ती श्वास घेत नव्हती.

थोरल्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या नाकानं मोठ्ठा श्वास ओढला. शेजारच्याला ऐकू जाईल इतका, वाजवणारा माणूस सूर लावण्याआधी घेतो तसा, पोटाच्या तळापर्यंत. धाकटीची छाती त्यांच्याबरोबर भरली. आणि सूर लागला.

खालचे सूर भरीव आले. सभागृहात कोणी खोकत होतं ते थांबलं. सूर चढू लागला. थोरल्यांची बोटं मांडीवर आपोआप दाबली जात होती. टोकाशी तो सूर पोचला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, म्हणजे एक मिटला. दुसरा उघडाच राहिला, आणि दिवसभर गळत असल्यामुळे ते रडले की नाही, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. धाकटीनं तो सूर धरून ठेवला. थोरल्यांनी धरला असता त्यापेक्षा थोडा जास्तच.

टाळ्या पडल्या तेव्हा कंडक्टरनं तिला पुढे बोलावलं. ती जाईना, थोरल्यांचा दंड ओढू लागली. थोरल्यांनी तिचा हात सोडवला.

"जा," ते म्हणाले. "तुझं आहे ते."

ती पुढे गेली. लोक उभे राहत होते. त्या गडबडीत थोरले पेटी घेऊन पडद्यामागून निघाले. दाराशी गाडी सुरूच होती.

डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. नसच होती. औषधं झाली, चेहऱ्याचे व्यायाम झाले. काही आठवड्यांत डोळा पूर्ण मिटू लागला, मग हसणं बरंचसं सरळ झालं. ओळखीचे म्हणू लागले, काही कळतसुद्धा नाही हो. आरशात त्यांनाही कधी कधी कळत नसे. ट्रंपेटला मात्र कळत होतं. पेटी उघडून ते अधूनमधून प्रयत्न करत आणि पुन्हा कड्या लावत. हंगाम संपला, निवृत्तीचा समारंभ झाला, सगळ्यांनी चांगली भाषणं केली. धाकटी आता पहिल्या खुर्चीवर बसत होती. तिच्या शेजारी कोण आलंय, हे सांगायला ती घरी आली होती. बराच वेळ बसली आणि नव्या मुलीविषयी इतकी कुरकुर केली की थोरले खूष झाले.

बोलताना 'प' तेवढा अजून निसटायचा. थोरल्यांनी तो चुकवायची युक्ती करून घेतली होती. पोळी म्हणण्याऐवजी ते नुसतं बोट दाखवत. बाईंना ते चालणार नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी बाईंनी त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पतंगाच्या कागदासारख्या तलम कागदाची एक बारीक पट्टी कापली आणि चिमटीत धरून त्यांच्या ओठांसमोर लोंबती ठेवली. शाळेत पहिल्या दिवशी त्या मुलांना हेच शिकवत. 'प' नीट आला तर कागद हलतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला तो दिसतो.

"म्हणा."

थोरल्यांनी म्हटलं. कागद हलला नाही.

"परत."

हलला नाही.

"श्वास वरच्या वर घेताय. पोटातून घ्या."

"श्वास घ्यायला तू शिकवणार?"

"शिकवणार. परत."

त्यांनी श्वास घेतला, ओठ मिटले आणि सोडले. पट्टीचं टोक किंचित उचललं गेलं आणि पुन्हा सरळ झालं.

"हलला," बाई म्हणाल्या.

थोरले कागदाकडे बघत होते. "वारा असेल," ते म्हणाले.

बाई उठल्या. त्यांनी पंखा बंद केला, पाती पुरती थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि परत समोर बसून पट्टी धरली.

"आता म्हणा."